स्लायडर वर होता का

मी पॅराशूट बांधते हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे तू उडी मारतेस?" नाही मारत. मी अजून साध्या विमानातसुद्धा बसलेले नाही. परळला आमच्या चाळीच्या आवारात बुद्धविहार आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर लांबलचक हॉल आहे, आणि शनिवारी दुपारी तिथल्या फरशीवर मी लोकांच्या छत्र्या पसरते, तपासते, घडी घालून पाठीवरच्या पिशवीत भरते. एरवी सोमवार ते शुक्रवार मी शिवडीला असते. तिथे एका गोदामात ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं मशीन चालवते.

सर मला त्या गोदामातच भेटले. हवाई दलात पंचवीसेक वर्षं त्यांनी पॅराशूट बांधण्याचंच काम केलं होतं. आता निवृत्त होऊन मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये, अँटॉप हिलला राहत होते. हौशी उड्या मारणाऱ्यांच्या छत्र्यांची दुरुस्ती ते अजून करायचे. एका पिशवीची जाड शिवण उसवली म्हणून आमच्याकडे आले. मी शिवून दिली, पण शेवटच्या चार बोटांत टाका तिरका गेलेला मला दिसला. त्यांना दिसला नव्हता. मी सगळी शिवण उसवून परत घातली. ते स्टुलावर बसून बघत होते. जाताना म्हणाले, "तुका ह्या काम शिकूचा आसा काय?" मालवणी कळायला मला एक क्षण लागला. मग हो म्हटलं.

शिकायला दीड वर्ष गेलं. पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात, एक मोठी रोजची आणि दुसरी अडीअडचणीची. अडचणीच्या छत्रीला फक्त सरांनी हात लावायचा, तिच्यावर त्यांचं सील असायचं. मोठी मी बांधायची. दोऱ्या सरळ आहेत का, ब्रेकच्या मुठी जागेवर आहेत का, कापडाला कुठे भोक, कुठे चटका बसलाय का, असं करत करत शेवटच्या पिनेपर्यंत यायचं. प्रत्येक गोष्ट बघायची, तिला हात लावायचा आणि कागदावर तिच्यापुढे खूण करायची. सरांचा नियम होता, "मध्येच कोणी हाक मारली आणि तू उठलीस, तर पहिल्यापासून. किती झालं होतं ते मला सांगायचं नाही."

विहाराच्या कमिटीतल्या काकांनी हॉल देताना एवढंच विचारलं होतं, "आवाज नाही ना होणार?" कापडाच्या सळसळीपलीकडे आवाज नव्हताच.

त्या शनिवारी एका दातांच्या डॉक्टरबाईंची छत्री होती. त्यांचा दवाखाना गिरगावात. वय पंचावन्नच्या आसपास असेल. नवरा गेल्यावर त्यांनी हे उड्यांचं सुरू केलं, असं सर सांगायचे. बाईंनी स्वतः त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. बोलणं तुटक, पण माणूस चोख. त्यांच्या छत्रीच्या दोऱ्या जुन्या झाल्या होत्या, म्हणून सरांनी आठवडाभर बसून सगळ्या बदलल्या होत्या. बांधून मी द्यायची होती. चार वाजता त्या गाडीने निघणार, रात्री वाटेत मुक्काम करणार आणि रविवारी सकाळी गुजरातेतल्या एका धावपट्टीवर साडेआठच्या पहिल्या विमानात बसणार, असं ठरलं होतं. सर त्या दिवशी नव्हते. नातलगाच्या बाराव्याला गेले होते. "एकटी करशील ना?" त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, "करते की, सर." पहिल्यांदाच एकटी होते, आणि मला ते आवडलं होतं.

दोनच्या सुमाराला मी दोऱ्या ताणून सरळ केल्या होत्या. तेवढ्यात आई जिना चढून वर आली, हातात फोन. शारजाहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल होता. तीन आठवडे त्याच्याशी धड बोलणं झालं नव्हतं.

"ताई, दाखव ना, दाखव ना! एवढी मोठी असते?"

मी उठले. आईने फोन धरला आणि मी त्याला कापडाचं एक टोक, दुसरं टोक, पाठीची पिशवी, सगळं दाखवत फिरले.

"आणि तो मध्ये लाल रुमालासारखा काय आहे?"

"त्याला स्लायडर म्हणतात," मी सांगितलं. दोऱ्यांवर ओवलेला तो एक चौकोनी तुकडा असतो, चार कोपऱ्यांना चार कड्या. घडी घालण्याआधी तो दोऱ्यांवरून पार वर, कापडाच्या कडेपर्यंत सरकवायचा. हवेत छत्री उघडते तेव्हा तो हळूहळू खाली घसरतो, आणि तो घसरेल तसतशी छत्री फुलते. "तो खालीच राहिला तर छत्री एकदम फाडकन उघडते. वर लावायचाच असतो," मी म्हटलं. भाऊ म्हणाला, "बाप रे." मग त्याच्या खोलीतल्या केरळी मुलाच्या स्वयंपाकाच्या गोष्टी निघाल्या. आई हसून हसून खाली बसली. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

आई खाली गेली. मी घड्याळ बघितलं. नियम मला माहीत होता. पण दोऱ्या सरळ केलेल्या समोर दिसत होत्या, मीच तर केल्या होत्या, आणि चारला बाई येणार होत्या. मी तिथून पुढे सुरू केलं. घडी घातली, आतल्या पिशवीत बसवली, दोऱ्यांचे वळे रबरात अडकवले, पिन लावली. शेवटी कागद घेतला आणि सगळ्या खुणा एकदम केल्या. ही वाईट खोड मला दोन-तीन महिन्यांपासून लागली होती. सर समोर असले की एकेक करायची, खाली चहाला गेले की शेवटी.

बाई आल्या. पिन बघितली, सही केली, पिशवी खांद्याला लावून निघून गेल्या.

रविवारी सकाळी साडेसातला मी चहा घेत होते. घरच्या ग्रुपवर भावाने कालच्या कॉलमधला फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, "आमची इंजिनियर ताई." मी गुडघ्यावर बसलेले, हात वर करून काहीतरी सांगतेय. मागे दोऱ्या. आणि दोऱ्यांच्या मधोमध तो लाल तुकडा.

म्हणजे फोन आला तेव्हा स्लायडर खाली होता. असणारच, तोवर ती पायरी आलीच नव्हती. मी कप खाली ठेवला आणि नंतरचं आठवायला लागले. आई जिना उतरतेय, आठवतंय. घड्याळात दोन वीस, आठवतंय. कापडाची पहिली घडी, आठवतेय. मधलं काहीच नाही. कड्या चार असतात, गार असतात, दोऱ्यांवरून सरकताना खर्र असा आवाज करतात. मला इतर शनिवारचे आवाज आठवत होते. त्या शनिवारचा आठवत नव्हता. आठवत होतं ते माझंच बोलणं: वर लावायचाच असतो.

"आई, काल फोन झाल्यावर मी त्या लाल कापडाला हात लावला का गं?"

आई पोळ्यांची कणीक मळत होती. "लावलास की," ती म्हणाली.

"नक्की?"

"अगं हो. तू काय विसरणारी आहेस का?"

तेवढं ऐकून मला बरं वाटलं. मिनिटभरच. मग ध्यानात आलं, की फोन संपल्यासंपल्या ती खाली उतरली होती.

"आई, तू होतीस कुठे तेव्हा?"

तिचे हात थांबले. "मी पोराकडे बघत होते गं फोनात," ती म्हणाली. "मला काय माहीत. तुझा चेहरा बघून म्हटलं."

मी तिची जुनी चादर घेऊन आतल्या खोलीत गेले. चादर पलंगावर पसरली आणि कालचं सगळं हातांनी करून बघितलं. माझा हिशेब असा, की डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत. पहिल्यांदा हात आपोआप वर गेले, कड्या ढकलल्यासारखे. मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा हात सरळ घडीकडे गेले. तिसऱ्यांदा मी काय करतेय तेच मला कळेना. चादरीवर बसले, उठले, गॅलरीत गेले, परत आले.

सरांना फोन करायचा हे मला पहिल्या मिनिटापासून कळत होतं. पण मी डॉक्टरबाईंना लावला. वाजत राहिला. परत लावला. उडीच्या तयारीत त्या फोन गाडीत ठेवतात हे मला माहीत होतं, तरी पाच वेळा लावला. सर काय म्हणतील ते डोळ्यांसमोर येत होतं. पहिल्यांदा एकटीवर सोपवलं होतं. आणि कदाचित मी केलं असेलही. बहुतेक केलंच असेल. दीड वर्षात एकदाही विसरले नव्हते. कशाला उगाच बाईंची उडी रद्द करायची, एवढ्या लांब गेल्यात त्या. असं करत मी घरातल्या घरात फिरत राहिले. शेवटी सर शिकवताना जे बोलले होते ते आठवलं. त्यांच्या तरुणपणी एका जवानाची छत्री अशीच धाडकन उघडली होती. "छत्री शाबूत, माणूस मोडला," एवढंच ते म्हणाले होते. अडचणीची छत्री यात उपयोगाची नसते. मोठी तर उघडलेलीच असते, हिसका बसून गेलेला असतो.

मी सरांना लावला.

"बोल गो."

सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी थांबवलं नाही.

"कागदावर खूण?"

"आहे. पण सर, मी सगळ्या शेवटी एकदम केल्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "फोटो किती वाजता आला?"

"साडेसातला."

"आता?"

मी भिंतीकडे बघितलं. "आठ पाच."

"आठवत नाही म्हणजे केलेलं नाही," ते म्हणाले. "ठेव फोन. मोकळा ठेव." आणि त्यांनी कट केला.

मला घरात बसवेना. आईला सांगितलं, चपला घातल्या, खाली येऊन टॅक्सी केली. ड्रायव्हर वडाळ्यापर्यंत काही ना काही बोलत होता. रविवारचा रस्ता मोकळा होता तरी प्रत्येक सिग्नलला मी दाराची कडी धरून बसायचे. विमान साडेआठला. आठ वीस झाले, आठ चोवीस. फोन हातातच होता. दोनदा वाजला, दोन्ही वेळा आई. "आला का काही?" "आई, फोन मोकळा ठेवायचाय!" मी ओरडले. असं मी तिच्यावर कधी ओरडत नाही.

सरांचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे. दार उघडंच होतं. सर बनियनवर, खिडकीपाशी उभे, कानाला फोन. सूनबाईंनी मला पाणी आणून दिलं, ते मी हातात धरून तशीच उभी राहिले. सर हिंदीत धावपट्टीवरच्या कोणाशी तरी बोलत होते. "नहीं, आप खुद जाके रोकिये. मैं बोल रहा हूँ ना. मेरी जिम्मेदारी." मग नुसतंच "हां… हां…" खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. किक, किक, किक.

सरांनी फोन खाली घेतला. "रांगेत उभी होती," ते म्हणाले. "विमानाच्या. बाहेर काढली."

मी जमिनीवरच बसले. पाणी सांडलं. सूनबाई फडकं आणायला गेल्या आणि सर माझ्याकडे न बघता खुर्चीत बसले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी पेपर उचलला, उघडला, वाचत मात्र नव्हते.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. डॉक्टरबाई.

"तुला कळतं का काय केलंस ते?" आवाज थरथरत होता. मला आधी वाटलं भीतीने, पण तो राग होता. "अठरा जणांसमोर मला रांगेतून ओढून बाहेर काढलं. चोरासारखं. सात तास गाडी चालवून आलेय मी."

"मॅडम, सॉरी. मॅडम, स्लायडर..."

"उघडली मी तुझी छत्री! इथेच, गवतावर. पिन ओढली आणि सगळी बाहेर काढली. झालं समाधान?"

"मॅडम, स्लायडर कुठे होता? वर होता का?"

"मला काय माहीत? मी बघत बसले नाही. खसकन ओढली, सगळी पसरली. आता तो खालीच आहे, ओढल्यावर खालीच येणार ना!" आणि फोन बंद.

सर माझ्याकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"म्हणजे आता कळायचं नाही," मी म्हटलं.

"नाही."

"सर, मी केला असेल."

"असशील."

"नसेलही."

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "विसरण्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. मी दोनदा विसरलोय, दोन्ही वेळा दुसऱ्या माणसाने पकडलं. पण साडेसात ते आठ पाच तू काय करत होतीस?"

मी चादरीचं सांगितलं. आईला विचारलं ते सांगितलं.

"पस्तीस मिनिटं," सर म्हणाले. "तिथल्या लोकांनी वेळ अलीकडे आणली होती, पण वाऱ्यामुळे विमान थांबलं. नायतर ता सव्वाआठाकच सुटूचा होता. त्यांनीच सांगितलं मला."

हे मात्र मला अजून झेपत नाही.

पुढचे चार महिने मी एकटीने काही बांधलं नाही. सर शनिवारी यायचे, हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलायची, हात लावायची, खूण करायची, आणि मग ते उठून स्वतः हात लावायचे. गुडघे दुखायचे त्यांचे. खाली बसायला त्रास व्हायचा, उठताना माझा खांदा धरायचे. कधी वाटायचं सांगावं, सर, बसा, मी करते नीट. पण तसं म्हणण्याचा हक्क मला राहिला नव्हता. आईला आम्ही हॉलच्या दाराला आतून कडी लावतो याचं वाईट वाटायचं. भावाला मी काहीच सांगितलं नाही. तो अजून विचारतो, परत कधी दाखवशील?

शिवडीलाही मला स्वस्थता नव्हती. ताडपत्रीची शिवण पूर्ण झाली की मी परत मागे जाऊन सगळी चाचपायची. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काय गं, सोनं हरवलंय का त्यात?" घरी गॅस बंद केला की नाही बघायला मी तीनदा उठायची. एकदा शिवडीपर्यंत जाऊन परत आले, दाराचं कुलूप बघायला. कुलूप लागलेलं होतं. दर वेळी लागलेलंच असायचं, त्याने काही फरक पडत नव्हता.

डॉक्टरबाईंनी त्यानंतर छत्री पुण्याच्या कोणाकडे तरी दिली, असं कळलं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

पाचव्या महिन्यात एका शनिवारी त्या न सांगता आल्या. कडी वाजली म्हणून दार उघडलं, तर जिना चढून धापा टाकत उभ्या, पिशवी पाठीवर. सर त्या दिवशी होते. बाईंनी मला नमस्कार वगैरे केला नाही. पिशवी फरशीवर ठेवली आणि म्हणाल्या, "बांध. उद्या सकाळी उडी आहे. मी बसून बघणार आहे."

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

सुरू केलं. दोऱ्या, ब्रेक, कापड. बोलत, हात लावत, खूण करत. बाई मांडी घालून माझ्या समोर बसल्या होत्या. अर्ध्यावर आले असेन, त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला जे काही बोलले ना..."

"मॅडम, बोलू नका."

"नाही, मला सांगायचंय..."

मी हातातलं कापड खाली सोडलं. "आता परत पहिल्यापासून करावं लागेल."

"मी फक्त दोन शब्द बोलले गं."

"हो. पण मी ऐकले."

त्या मागे सरकून बसल्या. मी पहिल्यापासून सुरू केलं. प्रत्येक खुणेनंतर सर येऊन स्वतः हात लावत होते. पाऊण तास लागला. शेवटची पिन लावल्यावर मी म्हटलं, "आता बोला." त्या उठल्या, गुडघे झटकले. "आता राहिलंच नाही काही," म्हणाल्या. मग दारात थांबून सरांना म्हणाल्या, "खरं सांगू? त्या दिवशी गवतावर बसून मी रडले होते. रागाने नाही." सरांनी मान हलवली. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. खालच्या हॉलमध्ये वंदना होती. मी पांढरी साडी नेसून आईशेजारी बसले, पण ओठांनी म्हणत होते तेवढंच. वंदना झाल्यावर आई बायकांशी बोलत उभी राहिली आणि मी आवारात फेऱ्या घालत होते, नळापासून फाटकापर्यंत, फाटकापासून नळापर्यंत. कड्यांचा आवाज मला नीट आठवत होता. चारही कड्यांचा. सरांनी स्वतः हात लावला होता. तरीही.

साडेनऊला बाईंचा मेसेज आला. एकच शब्द होता: "उतरले."

मी तो वाचला, आईला दाखवला. आई म्हणाली, "चला, सुटलीस. घरी चल, चहा टाकते."

"तू हो पुढे," मी म्हटलं, आणि अजून एक फेरी मारायला फाटकाकडे वळले.